पायांतील रक्ताभिसरण: आधी प्रवाह ओळखावा, मग उपाय करावा

पाय सुजले, पोटऱ्यांत गोळे आले, तळव्यांना मुंग्या आल्या किंवा बोटे गार पडली, की घरातले कोणीतरी "पायाला रक्तपुरवठा कमी होतोय" असे निदान करून मोकळे होते. मग गरम पाण्याची पिशवी, तेलाचे मालिश, पायांखाली उशी, सकाळी लसणाची पाकळी असे उपाय ओळीने सुरू होतात. यांपैकी काही उपाय खरोखर गुणकारी आहेत. मात्र एका प्रकारच्या त्रासात जो उपाय आराम देतो, तोच दुसऱ्या प्रकारच्या त्रासात पायाला घातक ठरू शकतो. म्हणून या लेखात उपायांच्या आधी ओळख आली आहे, आणि वाचकांनीही हाच क्रम पाळावा असा माझा आग्रह आहे.

उतरणारे रक्त आणि चढणारे रक्त

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून, म्हणजेच धमन्यांतून, पायाच्या बोटांपर्यंत उतरते आणि या वाटेवर त्याच्यामागे हृदयाचा जोर असतो. परतीची वाट शिरांची आहे आणि ती अवघड आहे, कारण उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताला सुमारे चार फूट चढायचे असते आणि हृदयाने दिलेला जोर तोवर जवळजवळ ओसरलेला असतो. हे चढणीचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली जाते, तिच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकलले जाते आणि शिरांच्या आतील एकमार्गी झडपा ते पुन्हा खाली घसरू देत नाहीत. रहाटगाडग्याने विहिरीतले पाणी वर यावे, तसे हे रक्त टप्प्याटप्प्याने वर येते. पोटरीला 'दुसरे हृदय' म्हणतात ते याचमुळे.

या झडपांचे वर्णन इटलीतील पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी 1603 साली प्रसिद्ध केले आणि त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी 1628 साली, दंडाला पट्टी बांधून आणि हाताच्या फुगलेल्या शिरा बोटाने दाबून, शिरांतले रक्त एकाच दिशेने जाते हे दाखवून दिले. पोटरीचे काम किती मोठे आहे हे आकड्यांतूनही कळते. आपण न हलता उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांतील दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत जातो आणि झडपा शाबूत असतील तर काही पावले चालताच तो 30 च्याही खाली येतो. म्हणजे पायांना उभे राहण्याने जेवढा त्रास होतो तेवढा चालण्याने होत नाही. दिवसभर ओट्यापाशी, फळ्यापाशी, चौकात किंवा दुकानाच्या गल्ल्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी "आज कितीतरी चाललो" असे वाटत असते, पण पोटरीच्या दृष्टीने तो फार थोडा चाललेला असतो.

त्रास दोन ठिकाणी होऊ शकतो. रोहिण्या आतून चरबी आणि चुन्याचे थर साचून अरुंद झाल्या, तर रक्त खाली पोहोचतच नाही. आणि शिरांच्या झडपा सैल झाल्या, तर खाली आलेले रक्त वर जात नाही. पहिल्या त्रासात पाय रक्तासाठी भुकेलेला असतो, दुसऱ्यात तो रक्ताने तुंबलेला असतो.

घरी ओळख कशी करावी

रोहिण्यांच्या आजाराची सर्वांत बोलकी खूण चालताना दिसते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत, क्वचित मांडीत किंवा ढुंगणात, आवळल्यासारखे दुखू लागते आणि नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत ते थांबते. पुन्हा चालू लागले की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा दुखते. आजार वाढला की पाऊल गार लागते, कातडी पातळ आणि चकचकीत होते, नडगीवरचे केस विरळ होतात, नखे जाड होऊन हळू वाढतात आणि बोटांवरची लहानशी जखमही भरत नाही. रात्री पावलात आग होऊन झोप मोडणे आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावर बरे वाटणे, ही तर गंभीर खूण आहे आणि तिच्यावर घरगुती उपाय करत बसू नये.

शिरांच्या आजारात चित्र जवळजवळ उलटे दिसते. सूज संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरलेली असते. पाय जड आणि भरल्यासारखे वाटतात. पोटरीवर निळ्या, गाठीगाठींच्या, वेड्यावाकड्या शिरा दिसतात, ज्यांना आपण आता सर्रास व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडे वर, कातडी काळपट तपकिरी होते, खाजते आणि पुढे तिथेच जखम होते. या रुग्णाला पाय वर घेतले की आराम पडतो.

हाताने तपासण्याजोग्या दोन गोष्टी प्रत्येकाने शिकून घ्याव्यात. अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेने पावलाच्या वरच्या भागावर मागे सरकत गेले की साधारण मध्यावर एक ठोका लागतो. दुसरा ठोका घोट्याच्या आतल्या हाडामागे असतो. तीन बोटे हलकेच टेकवून दोन्ही पायांची तुलना करावी. काही निरोगी माणसांत पावलावरचा ठोका लागत नाही, म्हणून तो एकटा न लागल्यास घाबरू नये, पण दोन्ही ठोके लागत नसतील किंवा एका पायाचा ठोका दुसऱ्यापेक्षा अगदी क्षीण असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. दुसरी तपासणी रंगाची आहे. पायाच्या अंगठ्याचे टोक पाच सेकंद दाबून सोडले की पांढरे पडलेले बोट ऊबदार खोलीत दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. सावळ्या वर्णात हा बदल कातडीवर नीट दिसत नाही, तेव्हा तो नखाखाली पाहावा.

डॉक्टर याच गोष्टीला आकडा देतात. घोट्यापाशी मोजलेल्या रक्तदाबाला दंडावरच्या रक्तदाबाने भागले की येणारे गुणोत्तर 0.90 किंवा त्याहून कमी असेल, तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याचे समजतात. जुन्या मधुमेहात मात्र रोहिण्या कडक होऊन हा आकडा फसवा, 1.40 च्याही वर येऊ शकतो आणि तेव्हा बोटातील दाब मोजावा लागतो. ही तपासणी वेदनारहित असते आणि पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेही किंवा तंबाखू घेणाऱ्या माणसाने ती एकदा करून घ्यावी.

काही तक्रारी रक्ताभिसरणाच्या वाटल्या तरी तशा नसतात. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या बहुतेकदा मज्जातंतू दबल्यामुळे येतात. शाकाहारी माणसाच्या दोन्ही तळव्यांना सतत मुंग्या येत असतील, तर आधी रक्तातील बी-12 जीवनसत्त्व तपासावे, कारण ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही आणि लसूण खाऊन वाढतही नाही. चालताना दोन्ही पाय भरून येतात, पण पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावरच बरे वाटते, नुसते उभे राहून नाही, अशी तक्रार कण्याकडे बोट दाखवते. दोन्ही पायांवर सारखी सूज असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी आधी व्हायला हवी. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. ती मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना अवश्य सांगावे.

जेव्हा घरी थांबायचे नसते

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, ती गरम आणि ताठ लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. अशा पायाचे मालिश करणे धोक्याचे आहे, कारण सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते. त्याच वेळी दम लागला किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही वाट पाहू नये. दुसरी आणीबाणी रोहिणी अचानक बंद होण्याची असते. पाय एकाएकी पांढराफटक आणि गार पडतो, असह्य दुखतो, बधिर होतो आणि बोटे हलेनाशी होतात. अशा पायाला शेक देण्यात, तो चोळण्यात किंवा "सकाळी बघू" म्हणण्यात जे तास जातात तेच पाय वाचवण्याचे तास असतात. साधारण सहा तासांत रक्त पुन्हा सुरू झाले नाही, तर नुकसान भरून न येण्याची भीती असते. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तंबाखू सोडल्याशिवाय बाकीचे उपाय अपुरे

नैसर्गिक उपायांची चर्चा आहारापासून सुरू करण्याची पद्धत आहे. मला तो क्रम मान्य नाही. रोहिण्यांच्या आजाराला सर्वांत जास्त हातभार तंबाखू आणि मधुमेह लावतात, आणि त्यांपैकी तंबाखू पूर्णपणे आपल्या हातात आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि विडी-सिगारेटच्या धुराने त्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा होते. न्यू यॉर्कमधील डॉक्टर लिओ बर्गर यांनी 1908 साली ज्या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तो तर मुख्यतः तंबाखू घेणाऱ्या तरुण पुरुषांना होतो आणि त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पडत जाऊन बोटे काळी पडतात. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो. त्याला रोखणारा खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे तंबाखू पूर्ण बंद करणे. दिवसाला एक-दोन विड्या चालू ठेवल्या तरी आजार पुढे सरकत राहतो.

येथे मिश्रीबद्दल मुद्दाम लिहिले पाहिजे. माझी आत्या कधी विडीला शिवली नाही, पण सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पायाच्या करंगळीची जखम तीन महिने भरेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला "तंबाखू खाता का?" असे विचारले आणि ती अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणाली. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच पूड, हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. आपल्या घरातील आई, आजी, कामाला येणाऱ्या मावशी यांना हा प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, मिश्री मात्र घरातल्या डबीत राहते आणि कोणाच्या नजरेला खुपत नाही. सोडण्यासाठी 1800-11-2356 ही केंद्र सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.

चालणे: सर्वांत मोठे औषध

पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या रुग्णासाठी चालणे हा सर्वमान्य उपचार आहे, पण तो औषधासारखा मात्रेने घ्यावा लागतो. दुखू लागले की घाबरून चालणे सोडून देणे ही सर्वसामान्य चूक आहे, आणि दात-ओठ खाऊन चालतच राहणे ही दुसरी.

पद्धत अशी आहे. सपाट रस्ता निवडावा आणि तीन ते पाच मिनिटांत पोटरीत दुखणे सुरू होईल अशा वेगाने चालावे. दुखणे मध्यम तीव्रतेचे होईपर्यंत, म्हणजे "आता थांबावेसे वाटते" इथपर्यंत, चालत राहावे. मग कट्ट्यावर बसून किंवा उभे राहून ते पूर्ण जाईपर्यंत विश्रांती घ्यावी आणि पुन्हा निघावे. सुरुवातीला विश्रांतीसह अर्धा तास आणि हळूहळू वाढवत पाऊण तास ते एक तास, असे आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान 12 आठवडे करावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवत नाही आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच सोडून देतात. दोन महिन्यांनंतर न दुखता चालता येणारे अंतर अनेकांचे स्पष्टपणे वाढलेले असते.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चालण्याने अरुंद झालेली रोहिणी पुन्हा रुंद होत नाही. मात्र स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूत जास्त काम करायला शिकतात, आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्यांतून पर्यायी वाटा वाढण्यास मदत होते आणि वेगाने वाहणाऱ्या रक्ताच्या घर्षणामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, ज्याने त्या सैलावतात. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या या वायूच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. हे अस्तर रोज वाहत्या रक्तानेच निरोगी राहते, म्हणून आठवड्यात एकदा दहा किलोमीटर चालण्यापेक्षा थोडे पण नियमित चालणे हिताचे आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद असतात त्यांच्या हृदयाच्या रोहिण्याही बहुधा निर्दोष नसतात, त्यामुळे सुरुवातीला हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि चालताना छातीत दडपण आल्यास लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

शिरांचा त्रास असलेल्यांनाही चालणे तितकेच उपयोगी आहे, फक्त त्यांना दुखेपर्यंत चालण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी दिवसभरात विखुरलेली दहा-दहा मिनिटे अधिक मोलाची आहेत.

बसल्या आणि उभ्या जागी पोटरी चालती ठेवणे

माझे वडील बसवाहक होते. संध्याकाळी घरी आल्यावर मोजे काढले की त्यांच्या घोट्यांवर खोल वळ दिसत असत. कोणीतरी सुचवल्यावरून ते लवचीक पट्टी बांधू लागले, पण ती पोटरीवर आवळून आणि घोट्याशी सैल अशी बांधत असल्यामुळे सूज उलट वाढली. दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत गेला, तरच रक्त वर सरकते. वर आवळले तर ते खालीच कोंडते. मोज्यांचे घट्ट रबर आणि गुडघ्याखाली बसणारे तंग कपडे यांनाही हाच नियम लागू होतो.

उभ्याने काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. ओट्याच्या किंवा टेबलाच्या कडेला हात टेकवून दोन्ही टाचा सावकाश वर उचलाव्यात, दोन सेकंद चवड्यांवर थांबावे आणि सावकाश खाली यावे, असे 15 ते 20 वेळा करावे. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभे राहण्यात जो वेळ जातो, तेवढा यासाठी पुरतो. पोळ्या लाटताना किंवा भाकरी थापताना एक पाय आलटून पालटून बुटक्या पाटावर ठेवला तरी पायांवरचा भार बदलत राहतो. बसून काम करणाऱ्यांनी टाच जमिनीवर ठेवून चवडा वर ओढावा, मग चवडा टेकवून टाच उचलावी. हा व्यायाम बैठकीत कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्यांच्या घरी झोपाळा आहे त्यांना तर हे काम आनंदाने करता येते, कारण झोका घेताना चवड्याने जमिनीला दिलेला प्रत्येक रेटा पोटरीचेच काम असते. गुडघेदुखीमुळे ज्या आजी-आजोबांना फिरायला जाता येत नाही, त्यांना मी हा उपाय आवर्जून सांगते.

घोटा ताठरला की पोटरी कितीही बळकट असली तरी तिचा पंप अर्धवट चालतो. त्यामुळे घोटा दोन्ही दिशांनी गोल फिरवणे आणि पोटरीला ताण देणे हेही रोज व्हायला हवे. रोजच्या वापरात उंच टाचांची पादत्राणे टाळावीत, कारण त्यांत घोट्याची हालचाल पूर्ण होत नाही.

पाय वर घेणे आणि दाबाचे मोजे

शिरांच्या त्रासात पाय हृदयाच्या पातळीच्या वर येतील असे आडवे पडून, दिवसातून तीन-चार वेळा प्रत्येकी 15 ते 20 मिनिटे विसावणे फार उपयोगी पडते. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवल्याने ते हृदयाच्या वर येत नाहीत, म्हणून जमिनीवर किंवा पलंगावर पाठ टेकून पाय लोडावर ठेवावेत, अथवा योगातील विपरीतकरणीप्रमाणे भिंतीला टेकवावेत. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास कंबर वर उचलून केलेली विपरीतकरणी टाळून नुसते पाय लोडावर घ्यावेत. रोहिण्या अरुंद असलेल्या रुग्णाने मात्र पाय उंच ठेवून झोपू नये, कारण जे थोडे रक्त उतरत असते तेही अडते.

दाबाच्या मोज्यांचेही तसेच आहे. पाऱ्याच्या 20 ते 30 मिलिमीटर दाबाचे, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे शिरांच्या सुजेवर चांगले काम करतात. पण रोहिणीचा आजार नाही याची खात्री झाल्यावरच ते वापरावेत. ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे असतात, कारण एकदा सूज आली की मोजा नीट बसत नाही. माप घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजून घ्यावे. पादत्राणाच्या क्रमांकावरून घेतलेला मोजा बहुधा चुकतो. रात्री ते काढून ठेवावेत आणि साधारण सहा महिन्यांनी, लवचीकपणा गेल्यावर, बदलावेत.

तेल, शेक आणि काशाची वाटी

मालिशाने स्नायू सैलावतात, कातडीतले रक्त वाढते आणि माणसाला बरे वाटते, हे सर्व खरे आहे. तिळाचे किंवा खोबरेल तेल कोमट करून हलक्या हाताने तळव्यापासून गुडघ्याकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने, चोळावे. फुगलेल्या शिरांवर जोर देऊ नये आणि जखम, पुरळ किंवा नव्याने आलेली सूज असलेल्या पायाला मालिश करूच नये. काशाच्या वाटीने तळवे घासले की तूप काळे होते, ते अंगातली उष्णता किंवा दूषित रक्त बाहेर आल्यामुळे, असा समज आहे. तो काळेपणा वाटीच्या धातूचा आणि स्निग्ध पदार्थाचा असतो. झोप चांगली लागत असेल तर वाटीचा वापर खुशाल करावा, पण तिच्याकडून रोहिणी मोकळी होण्याची अपेक्षा धरू नये.

शेकाबद्दल मात्र मला कठोरपणे लिहावे लागते. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असते आणि गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची अशी भाजलेली जखम भरत नाही. गार पायांसाठी सैल सुती किंवा लोकरीचे मोजे पुरेसे असतात, आणि पाय धुण्याचे पाणी नेहमी कोपराने तपासावे.

आहारातून काय साधते

आहाराने बंद रोहिणी उघडत नाही, पण रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात राहिले की आजार वाढण्याचा वेग मंदावतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ सुचवते, आणि आपले मीठ आमटीपेक्षा लोणचे, पापड, फरसाण आणि सुक्या मासळीतून जास्त येते. ज्वारी-नाचणीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, जवसाची चटणी, आणि मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा व तारली हा रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने उत्तम आहार आहे. त्यासाठी परदेशी बिया विकत आणण्याची गरज नाही. बीट आणि पालेभाज्यांतील नायट्रेटपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवते, म्हणून बिटाची कोशिंबीर नियमित खावी. मूतखड्याची प्रवृत्ती असल्यास मात्र बीट आणि पालक बेताने घ्यावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नयेत, आणि त्यांपैकी वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये. सुजलेल्या पायांसाठी पाणी कमी पिण्याची गरज नसते, अर्थात हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर ती पाळावी.

पावलांची राखण आणि लांबचा प्रवास

मधुमेही माणसाने रोज रात्री आरसा खाली ठेवून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. भोवरी ब्लेडने कापू नये, नखे सरळ कापावीत, आणि पादत्राणे घालण्यापूर्वी आत हात घालून खडा किंवा खिळा नाही ना हे तपासावे. आळंदीहून पंढरपूरला जाणारे वारकरी सुमारे 250 किलोमीटर चालतात आणि वाटेवरच्या गावांतले लोक त्यांच्या पायांना तेल चोळून सेवा करतात. ही सेवा मला फार सुंदर वाटते. पण मधुमेह असलेल्या वारकऱ्याने अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये आणि देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालून जाण्यात कमीपणाही मानू नये.

चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. नातवंडांना भेटायला अमेरिकेला निघालेल्या ज्येष्ठांनी विमानात मधल्या मार्गिकेलगतची जागा घ्यावी, दर तासाला एक फेरी मारावी, बसल्या जागी घोटे हलवत राहावे आणि स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी पिणे टाळू नये. रात्रीच्या बसने नागपूर-पुणे करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पूर्वी गुठळी झालेली असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

फरक पडतो आहे का, हे मोजावे

सुरुवातीच्या दिवशी एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, पोटरी दुखू लागेपर्यंत चाललेली पावले किंवा ओलांडलेले विजेचे खांब. दुसरी, घोट्याच्या हाडापासून चार बोटे वर, शिवणकामाच्या टेपने सकाळी आणि संध्याकाळी मोजलेला घेर. आणि तिसरी, असल्यास, जखमेची लांबी-रुंदी. हीच मोजमापे दर रविवारी त्याच जागी आणि त्याच वेळी घ्यावीत. जखम दोन आठवड्यांत लहान होत नसेल, तर पुढे थांबू नये. खांबांची संख्या 12 आठवड्यांनंतरही वाढली नसेल किंवा मध्येच कमी होऊ लागली असेल, तर ही वही घेऊन रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे जावे. "पाय दुखतो" या दोन शब्दांपेक्षा त्या पानावरून त्यांना अधिक कळेल.